बाद मोज्यांच्या बाहुल्या

तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणंही माणसाच्या कानावर येतंच. कान काही फक्त समोरचं ऐकायला दिलेले नाहीत. तिने ते नाव ऐकलं, क्षणभर जिभेवर घोळवलं आणि गिळून टाकलं. चव अगदीच वाईट नव्हती. जिला उभ्या आयुष्यात कोणी काहीच म्हटलं नाही, तिला लोक घाबरून का होईना काहीतरी म्हणू लागले, हीही एक कमाईच.

ती मोज्यांच्या कारखान्यात कामाला होती. लांबच लांब खोली, वर पत्रा, एका भिंतीला ओळीने विणायची यंत्रं. यंत्राच्या पोटातून मोजा बाहेर पडतो तेव्हा तो मोजा नसतोच, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी असते नुसती. पुढच्या बाया तिचा पंजा शिवतात, त्यापुढच्या इस्त्री करतात, आणि सगळ्यांच्या शेवटी, खिडकीखाली, उजेडात एक टेबल असतं. त्या टेबलाशी कात्रीबाई. मोजा उचलायचा, मूठ आत घालायची, बोटं पसरायची आणि हात खिडकीपुढे धरायचा. सुटलेला टाका, वाकडी टाच, विरलेली जागा, सगळं पसरलेल्या बोटांवर उघडं पडतं. चांगला असेल तर "पास" म्हणून टोपलीत. वाईट असेल तर "बाद" म्हणून गळ्यात दोरीने अडकवलेली छोटी कात्री उचलायची आणि पंजावर एक काप. काप अशासाठी, की कोणी मुद्दाम मोजा बिघडवून घरी नेऊ नये. कापलेला मोजा म्हणजे चिंधी, आणि चिंधी कोणी पदराआड लपवत नाही. कापलेल्या मोज्याची मजुरीही मिळत नाही. म्हणून तर जेवणाच्या सुट्टीत कात्रीबाईच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची.

तिच्या आधी त्या टेबलावर एक म्हातारा बसायचा. त्याची नजर अधू झाली तेव्हा मालकाने विचारलं, "आता इथे कोणाला बसवू?" म्हाताऱ्याने सगळी खोली न्याहाळली आणि पंजे शिवणाऱ्या बायांमधली ही तरुण पोर दाखवली. "हिला बसवा. हिला मैत्रिणी नाहीत."

ती त्या दिवसापासून बसली ती बसलीच. आणि खरं सांगायचं तर तिला ते काम आवडलं. तिच्या माहेरी चुकलं की दिवसभर बोलणी ऐकावी लागायची. तीच चूक संध्याकाळी पाहुण्यांपुढे पुन्हा निघायची, आणि वर्षभराने लग्नाच्या बोलण्यात पुन्हा. इथे तसं नव्हतं. वाईट ते वाईट म्हटलं, कापलं, संपलं. रागवायचं नाही, टोमणा मारायचा नाही. "घे दुसरा." यापेक्षा सरळ आणि दयाळू रीत जगात असेल असं तिला वाटत नव्हतं. तिने आयुष्यात कोणाला शिवी दिली नाही आणि कोणाचा वाईट मोजा सोडलाही नाही.

तिला एक लेक होती. मुंगी म्हणायचे तिला, कारण ती बारीक होती, काळीसावळी होती आणि कायम कोणाच्या तरी मागे चालायची. शाळेत मुलींचा एक घोळका होता. मधल्या सुट्टीत तो पायऱ्यांवर बसायचा. सगळ्यांच्या मधोमध डॉक्टरीणबाईंची लेक बसायची, लांब वेणीची. कोणी कुठे बसायचं ते वेणीवाली ठरवायची. मुंगी पायऱ्यांच्या खाली, नळापाशी उभी राहायची. तहान नसतानाही पाणी प्यायची, म्हणजे तिथे उभं राहायला काहीतरी कारण असावं.

त्या शाळेची एक पद्धत होती. अधूनमधून शेवटच्या तासाला कोणाची तरी आई किंवा वडील यायचे आणि मुलांकडून हाताने काहीतरी करून घ्यायचे. कुंभार येऊन गेला, त्याने मातीचे दिवे करवले. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पट्ट्यांची फुलं करवली आणि जाताना सगळ्यांच्या बोटांना खोटी खोटी पट्टी बांधली. ती पट्टी मुलांनी काळी पडेपर्यंत सोडली नाही.

एका संध्याकाळी मुंगी आईच्या पाठीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "आई, तू ये ना शाळेत."

"मी येऊन काय करू? मला काय येतं?"

"मी सांगितलंय तुझ्याबद्दल. की कारखान्यात तूच सगळ्यात मोठी. तू नको म्हटलंस की नको."

"बाई बाई! मालकाला कळलं तर खुर्चीवरून पडेल."

"वेणीवाली म्हणाली, तुझी आई आली आणि आवडली, तर तू पायरीवर बस." मुंगी जरा थांबली. "नाही आवडली, तर मग मी परत कधी विचारायचं पण नाही."

कात्रीबाईने मान वळवून बघितलं. लेकीच्या पाठीचे मणके झग्यातून मोजता आले असते. तिला म्हाताऱ्याचं ते वाक्य आठवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिला लागलं. एवढंसं पोर, आणि त्याच वाटेवर.

"येते," ती म्हणाली.

मुंगीचा बाप ट्रक चालवायचा, महिन्यातून एखादा आठवडा घरी असायचा. तो नेमका घरी होता. त्याने अंथरुणातूनच सल्ला दिला, "जा, पण जरा सांभाळून. लेकरं आहेत ती, मोजे नव्हेत."

"तुम्ही झोपा," ती म्हणाली.

तिने मालकाला विचारून एकटे मोजे मागून घेतले. जोडीतला एक बाद झाला की दुसरा चांगला असूनही एकटा पडतो. असे मोजे कोपऱ्यातल्या पोत्यात साठलेले होते. जुनी बटणं घेतली, लोकरीचे तुकडे घेतले, जाड सुया घेतल्या; कात्री तर गळ्यात असायचीच. रात्री जेवणानंतर तिने एक मोजा हातावर चढवला, दोन बटणं लावली, अंगठा आणि बोटं मिळवून त्याचं तोंड केलं आणि ते तोंड लेकीच्या कानाशी नेऊन म्हणाली, "काय गं मुंगे, उद्या ओळख देशील ना?" मुंगी इतकी हसली की तिला उचकी लागली. दोघींनाही वाटलं, जमलं.

वर्ग कौलारू होता, भिंती हिरव्या, खालून मुलांच्या पाठी घासून घासून काळ्या झालेल्या. वर्गबाईंनी ओळख करून दिली, "या मुंगीच्या आई. आज या आपल्याला मोज्यांच्या बाहुल्या शिकवणार." एवढं बोलून त्या मागच्या बाकावर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या. कोणाचे आईवडील आले की त्यांना तेवढाच विसावा.

सुरुवात छान झाली. कात्रीबाईने मोजे वाटले. मूठ कशी घालायची, डोळे कुठे लावायचे, सुई स्वतःकडे नाही तर बाहेर कशी ओढायची, सगळं नीट दाखवलं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण यंत्रांच्या खडखडाटात ऐकू जाईल असा ठाम होता. मुलं गुंग झाली. कोणी लोकरीचे केस लावले, कोणी मिशा. वेणीवालीने आपल्या बाहुलीला दोन वेण्या घातल्या. मुंगीकडे बघून ती म्हणाली, "तुझी आई मस्त आहे गं." मुंगीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तिच्या आईने घरात कधी पाहिलं नव्हतं. अशा वेळी माणसाने देवाला हात जोडावेत आणि घरी निघून जावं. पण तास संपायला वेळ होता.

"झालं की माझ्याकडे आणा," कात्रीबाई म्हणाली आणि सवयीने खिडकीपाशी जाऊन बसली.

तिच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. कारखान्यात मोजा तिच्या हाती येतो तोवर तो मोजाच असतो. इथे त्याला डोळे लागले होते, तोंड फुटलं होतं. मुलांनी बाहुल्यांच्या कानात त्यांची नावं सांगितली होती. कोणाची बाहुली शेजारच्या बाहुलीशी भांडून अबोला धरून बसली होती. वर्गात आता मोजे नव्हते, बाहुल्या होत्या. पण तिच्या हाताला हे कोण सांगणार?

पहिली डावरी आली. ती डाव्या हाताने शिवायची, म्हणून सगळे टाके उलटे पडलेले, एक डोळा कपाळावर, तोंडाच्या जागी भोक. तिने ती बाहुली दोन्ही हातांवर धरून आणली, तान्हं मूल आणावं तशी.

कात्रीबाईने बाहुली घेतली, मूठ घातली, बोटं पसरली, उजेडापुढे धरली.

"बाद," ती म्हणाली, आणि कात्रीने पंजावर काप घातला. "घे दुसरा."

डावरी रडलीसुद्धा नाही. ती त्या कापलेल्या बाहुलीकडे बघत राहिली, मग कात्रीबाईच्या पुढे केलेल्या दुसऱ्या कोऱ्या मोज्याकडे. दोन्हींत काय फरक आहे ते या मोठ्या बाईला दिसत कसं नाही, असं काहीतरी त्या नजरेत होतं. आणि कात्रीबाईला ते दिसलं. अगदीच नाही दिसलं असं नाही. तिचा हात थांबला. 'हे काय केलं मी,' असं मनात उमटू लागलं, तेवढ्यात मागून कोणीतरी खुदकन हसलं.

वेणीवाली हसली होती. मग तिच्या शेजारची हसली. मग सगळी फळीच हसली.

"काकू, माझी बघा!"

"काकू, याची बघा, याची बादच आहे!"

"ए, डावरीची बाहुली मेली!"

मुलं झुंबड करून आली. त्यांना इतका गमतीचा खेळ आजवर कोणी शिकवला नव्हता. स्वतःची पास व्हावी म्हणून नाही, शेजाऱ्याची बाद व्हावी म्हणून ती धावत होती. कात्रीबाईने मान वर केली. घोळक्यात मुंगी होती, आणि वेणीवालीने तिच्या खांद्यावर हात टाकला होता. एरवी नळापाशी उभ्या असलेल्या पोरीच्या खांद्यावर हात! कात्रीबाईने मान खाली घातली आणि पुढची बाहुली घेतली.

आता तिचा हात सवयीने चालत नव्हता, हे सांगायला हवं. आता ती समजून उमजून करत होती. "पास." "बाद." प्रत्येक कापाला आरोळी उठत होती. दोन पोरं हुंदके देत बाकाखाली जाऊन बसली. जाड चष्म्याच्या एका मुलीने बाहुली द्यायचं नाकारलं, तर बाकीच्यांनी तिच्या हातातून ती ओढून आणली आणि आनंदाने टेबलावर ठेवली. मागच्या बाकावरून वर्गबाई म्हणाल्या, "अगं बाई, मुलं केवढी रमलीत आज! तुमच्या हाताला गुण आहे हो." आणि पुन्हा वह्यांत बुडाल्या.

वेणीवालीची बाहुली चांगलीच होती. ती पास झाली. मग ती टेबलाला रेलून म्हणाली, "काकू, आता मुंगीची."

मुंगी पुढे आली. तिने मन लावून केली होती बाहुली. लाल लोकरीचे ओठ, नाक म्हणून मणी. पण घाईत एका डोळ्याच्या दोऱ्याला गाठ मारायची राहिली होती आणि ते बटण गालावर लोंबत होतं. कारखान्यातल्या आंधळ्या रखवालदारालाही दिसलं असतं.

कात्रीबाईने मूठ आत घातली. काप घातला तर लेकीचं काळीज कापायचं, नाही घातला तर लेकीची पायरी. तिने मुंगीकडे बघितलं. मुंगीचे डोळे स्वच्छ सांगत होते, काप. आई, लवकर काप. पण आईच्या हाताला त्या बाहुलीच्या आतला ओलावा लागत होता. पोरीच्या घामेजल्या मुठीचा होता तो.

"पास," कात्रीबाई म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिने वाईट मोजा सोडला, आणि तो सगळ्यांसमोर.

"डोळा लोंबतोय की," वेणीवाली म्हणाली.

"आईची लाडकी!"

"आमच्या कापल्या आणि हिची पास! चीटिंग!"

वेणीवालीने मुंगीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. नुसता काढला नाही, झग्याला पुसला. मुंगी तशीच उभी राहिली. तिने आईकडे एकदाच बघितलं. तसं बघणं कोणत्याही आईच्या वाट्याला येऊ नये. मग तिने टेबलावरची कात्री उचलली. दोरी आईच्या गळ्यातच होती, त्यामुळे आईची मानही थोडी खाली ओढली गेली. मुंगीने आपल्या बाहुलीच्या तोंडात कात्री घातली आणि लाल ओठांपासून मानेपर्यंत सरळ कापत नेली.

"बाद," ती म्हणाली. आवाज हुबेहूब आईचा होता.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे वर्गबाईंनी चष्मा वर केला.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. वर्गबाईंनी मोठ्या बाईंना सांगितलं, की तेव्हा त्या वर्गातच नव्हत्या. मोठ्या बाईंनी निरोप पाठवला, की मुंगीच्या आईंनी पुन्हा त्रास घेऊ नये. पास झालेल्या बाहुल्या मात्र वर्गाच्या भिंतीवर टांगल्या. छान दिसत होत्या म्हणे.

डावरीची आई त्याच कारखान्यात पंजे शिवायची. दुसऱ्या दिवशी ती मोज्यांची टोपली घेऊन आली आणि टेबलावर ठेवून तिथेच थांबली. बाकीच्या बायांनी यंत्रं चालू ठेवली, पण कान इकडे लावले.

"बोल," कात्रीबाई म्हणाली. "काय शिव्या द्यायच्या त्या दे."

"शिव्या कशाला देऊ?" डावरीची आई शांतपणे म्हणाली. "रात्रभर पोर विचारत होती, डाव्या हाताने केलं म्हणून बाई रागावल्या का. मी म्हटलं, नाही गं, त्या बाई कोणावरच रागवत नाहीत. त्यांना तेवढंसुद्धा कोणाचं काही वाटत नाही."

ती गेली. कात्रीबाईने टोपलीतला पहिला मोजा उचलला. त्याचा टाका सुटलेला होता. तिने तो कापला. नाही कापला असता तर बायांनी म्हटलं असतं, भ्याली; कापला तर म्हणाल्या, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. बोलणाऱ्यांचं तोंड शिवायची सुई अजून कोणी केलेली नाही.

दिवसभर तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. घरी आल्यावर तिने चपला काढायच्या आधी विचारलं, "बसवलं का गं?"

मुंगी गृहपाठ करत होती. "हो."

"पायरीवर?"

"मधे. वेणीवालीच्या शेजारी."

कात्रीबाई भिंतीला टेकून खाली बसली. एवढ्यासाठीच तर गेली होती ती. मिळालं होतं. मग छातीवर दगड कसला?

"काय बोलल्या?"

मुंगीने पेन्सिलीचं टोक चावलं. "त्यांनी विचारलं, तुझी आई घरी पण कापते का."

"मग?"

"मी हो म्हटलं."

"काय कापते म्हणालीस?"

"केस. म्हटलं, मी ऐकलं नाही की झोपेत माझे केस कापते." उवा झाल्या म्हणून मुंगीचे केस मुळापासून कापले होते, ते जेमतेम कानापर्यंत आलेले; कोणालाही खरं वाटलं असतं. "त्या एकदम घाबरल्या. आणि जवळ सरकल्या. सगळ्या. डबाही दिला मला."

बाहेर कोणीतरी सायकलची साखळी चढवत होतं, ती पुन्हा पुन्हा उतरत होती.

"आई."

"काय?"

"उद्या पण सांग म्हणाल्या. पण माझ्याकडे आता काही नाही."

एखादीने थोबाडीत दिली असती. एखादी रडली असती. कात्रीबाईच्या मनात दोन्ही येऊन गेलं. पण तिला तो नळ दिसला, तहान नसताना प्यायलेलं पाणी दिसलं.

"तुझ्या बाबांना यात आणायचं नाही," ती म्हणाली.

"नाही आणत."

"मग सांग, ताटात काही टाकलंस तर आई तेच सकाळी पुन्हा वाढते."

मुंगीने नाक मुरडलं. "ते तर वेणीवालीची आई पण करते."

"बरं." कात्रीबाईने थोडा विचार केला. "सांग, रडलीस की आई दिवा घालवते, आणि तुला आत ठेवून बाहेरून कडी लावते."

मुंगीचे डोळे मोठे झाले. "खरंच लावशील?"

"नाही गं."

"आणि त्यांनी विचारलं, आत काय करतेस, तर?"

"सांग, दाराच्या फटीपाशी तोंड नेऊन बसते. आई पलीकडे उभी असते, पण बोलत नाही."

मुंगीने वही मिटली, समोर मुली बसल्यात असं समजून सरळ बसली आणि भराभरा सगळं म्हणून दाखवलं.

"घाई करू नकोस," आई म्हणाली. "घाईने सांगितलं की खोटं कळतं. कडीशी जरा थांब. श्वास घे. मग पुढचं."

मुंगीने पुन्हा सुरुवात केली. आता हळू. कडीशी ती थांबली, आणि तिचा आवाज खरोखरच कापला. सांगता सांगता ती आईपासून थोडी दूर सरकून बसली.

"हं," आई म्हणाली, "असंच सांग."